नाशिकमध्ये प्रस्तरारोहण सुरू करताना: आधी दोर धरायला शिका

हरिहरच्या कोरीव पायऱ्या चढून आलेल्या अनेकांच्या मनात घरी परतताना एकच विचार असतो: आता एखादा सुळका. नाशिकमध्ये राहणाऱ्याला असं वाटणं अगदी साहजिक आहे. त्र्यंबक रस्त्याने निघालं की तासाभरात अंजनेरी आणि ब्रह्मगिरीचे कडे समोर उभे राहतात. मनमाडकडे रेल्वेने जाताना अंकाई-टंकाईजवळचा हडबीची शेंडी हा सुळका खिडकीतून अंगठा दाखवतो. पण ट्रेकिंग कितीही अवघड झालं तरी ते पायांवर चालणं असतं, आणि प्रत्येक जण आपापला सावरत असतो. प्रस्तरारोहणात दोन माणसं एका दोराला बांधलेली असतात. वरचा निसटला तर त्याला वाचवायचं काम खालच्याच्या हातात असतं. त्यामुळे सुरुवात चढण्यापासून करू नका, दोर धरण्यापासून करा. ज्याच्या हाती दुसऱ्याचा दोर निर्धास्तपणे देता येतो, त्याला अनुभवी माणसं स्वतःहून बरोबर नेतात. नुसता जोरात चढणारा मात्र फारसा कुणाला बरोबर नको असतो.

शिकायचं कुणाकडे

पुस्तक वाचून किंवा व्हिडिओ बघून गाठी येतात, पण अँकर (दोर अडकवायचा कड्यावरचा पक्का आधार) बांधणं आणि बिले देणं (चढणाऱ्याचा दोर सांभाळणं) समोर कुणीतरी चूक दाखवल्याशिवाय येत नाही. नाशिकमध्ये वैनतेयसारख्या जुन्या गिर्यारोहण संस्था आहेत. राज्यभरातल्या अशा संस्थांची शिखर संघटना म्हणजे अखिल महाराष्ट्र गिर्यारोहण महासंघ. संस्थेच्या दोन-चार ट्रेकना जा, माणसं ओळखीची होऊ द्या, मग त्यांच्या प्रस्तरारोहण शिबिराला नाव द्या. हा रस्ता थोडा लांबचा वाटेल, पण बरोबर चढायला भरवशाची माणसं मिळतात ती इथेच.

व्यावसायिक आयोजकांकडे जाणार असाल तर पैसे भरण्याआधी पाच गोष्टी सरळ विचारा. मुख्य प्रशिक्षकाने बेसिक, अॅडव्हान्स आणि मेथड ऑफ इन्स्ट्रक्शन (इतरांना शिकवण्याचा कोर्स) यांपैकी कोणते कोर्स कुठल्या संस्थेतून केलेत? एका प्रशिक्षकामागे किती जण असतील? नवख्यांसाठी चार ते सहा ठीक, पंधरा असतील तर जाऊ नका. दोर कधी घेतलाय, आणि त्याच्या वापराची नोंद ठेवली जाते का? वनखात्याची परवानगी कोण काढणार? राज्याच्या २०२१ च्या साहसी पर्यटन धोरणानुसार पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी झालीय का? जाणता आयोजक या प्रश्नांवर चिडत नाही, उलट खूश होतो.

आणखी एक गोष्ट तपासा. पुष्कळ ‘रॉक क्लाइंबिंग कॅम्प’मध्ये दिवसभर फक्त रॅपलिंग होतं, म्हणजे वर चालत जाऊन दोरावरून खाली उतरणं. त्यात मजा येते, पण चढण्याचं काहीही शिकायला मिळत नाही. दिवसात प्रत्येकाला किमान तीन-चार वेळा चढायला आणि तितक्याच वेळा देखरेखीखाली बिले द्यायला मिळणार का, हे आधी ठरवून घ्या.

आपला खडक कसा आहे

सह्याद्रीचा खडक म्हणजे बेसाल्ट. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर साचून तो बनला, आणि चढणाऱ्याच्या दृष्टीने हे थर फार महत्त्वाचे आहेत. एकसंध, काळा, घट्ट थर असेल तिथे पकडी टणक असतात आणि उभ्या भेगा मिळतात. वायूच्या बुडबुड्यांनी सच्छिद्र झालेला थर असेल तिथे बोटं जाण्याएवढी भोकं मिळतात, पण त्यांच्या कडा चुऱ्यासारख्या सुटतात. दोन थरांच्या मध्ये कधी कधी लाल मातीचा पट्टा दिसतो. तो सगळ्यात दगाबाज, कारण वरचा भार पेलण्याइतका तो पक्का नसतो आणि त्याच्या आसपासचे ठोकळे हलके हलके निसटत असतात.

म्हणून पहिल्या दिवसापासून एक सवय लावा: पकड वापरण्याआधी ती ठोका. तळहाताच्या खालच्या भागाने दगडावर थाप मारायची. आवाज भरीव आला तर दगड मागच्या कड्याला एकजीव आहे. पोकळ, डब्यासारखा आवाज आला किंवा हाताला बारीक कंप जाणवला तर तो वेगळा तुकडा आहे. तसा तुकडा सोडून देता येत नसेल तर बाहेर न ओढता खालच्या दिशेने दाबून वापरायचा. ड्रॉवरसारखा बाहेर ओढला की तो तुमच्यासकट येतो. गवताचे झुपके हाताला कितीही जवळचे वाटले तरी धरायचे नाहीत. त्यांच्या मुळाखाली दोन-तीन बोटं माती असते, आणि दिवाळीनंतर ती वाळून भुगा झालेली असते.

पहिले काही आठवडे जमिनीलगत

चढण्याची सुरुवात दोराशिवाय, पण जमिनीला धरून. डोंगराच्या पायथ्याला पडलेल्या मोठ्या शिळा किंवा कातळाच्या तळाची पट्टी यासाठी उत्तम. पाय जमिनीपासून मीटरभरापेक्षा वर न नेता आडवं चालायचं: डावीकडून उजवीकडे, परत उजवीकडून डावीकडे. दहा-पंधरा मिनिटं सलग. आधी खालची जागा साफ करा. नारळाएवढा एक दगडही घोटा मुरगळायला पुरतो. बरोबरच्या माणसाने मागे उभं राहून दोन्ही हात तुमच्या कमरेच्या दिशेने धरायचे, अंगठे तळव्याला चिकटवून. त्याचं काम तुम्हाला झेलणं नाही. तुम्ही पायांवर पडावं आणि डोकं दगडावर आपटू नये, एवढंच त्याने बघायचं.

या आडव्या चालीत तीन सराव करा. पहिला, आवाज न करता पाय ठेवणं. बूट दगडावर खरडल्याचा आवाज आला म्हणजे पाय टेकायच्या आधीच नजर वर गेली होती. दुसरा, हात सरळ ठेवून चढणं. कोपर वाकवून लटकलं की दंड आणि मनगटामागचा स्नायू दोन मिनिटांत भरून येतो, हात सरळ असला की वजन हाडांवर जातं. तिसरा, उतरणं. जेवढं चढलात तेवढं पायांनी परत उतरायचं, उडी मारायची नाही. उतरता न येणाऱ्या जागी चढून बसणं हा नवख्यांचा हमखास घोटाळा, आणि त्यावर जमिनीपासून मीटरभर उंचीवरच इलाज करून टाकायला हवा.

पुण्या-मुंबईच्या इनडोअर भिंतींवर अधूनमधून जाता आलं तर जा, ताकद आणि हालचाल झपाट्याने सुधारते. पण तिथल्या रंगीत पकडी सुटत नाहीत आणि कुठे हात घालायचा हे आधीच ठरलेलं असतं. बेसाल्टवर पकड शोधणं हेच अर्धं काम आहे. घरी दाराच्या चौकटीला बोटांवर लटकण्याचा सराव पहिल्या वर्षी टाळा. स्नायू काही आठवड्यांत बळकट होतात, बोटांतले अस्थिबंध आणि कंडरा मागाहून. मधल्या काळात ताकदीच्या भरात अनामिकेचा किंवा मधल्या बोटाचा बंध दुखावतो आणि दोन-तीन महिने घरी बसावं लागतं.

साहित्य कोणत्या क्रमाने घ्यायचं

शिबिरात बहुतेक सगळं मिळतं, त्यामुळे घाई नको. आवड टिकली की आधी बूट घ्या. पहिल्या दोन-तीन दिवसांना ट्रेकचे, पातळ रबरी तळाचे हंटर शूजही चालतात. जाड तळाचे उंच बूट आणि फ्लोटर्स चालत नाहीत, कारण बोटाखाली काय आहे ते कळतच नाही. क्लाइंबिंग शूज घेताना मोज्याशिवाय घालून बघा. बोटं पुढे टेकलेली, किंचित वाकलेली हवीत, पण उभं राहिल्यावर दुखता कामा नये. टाच मागे सैल राहिली तर तो बूट नको. ‘फार घट्ट म्हणजे फार चांगले’ हा सल्ला नवख्यांसाठी नाही. दुखणारा पाय कोणी नीट ठेवत नाही.

मग हेल्मेट, ईएन १२४९२ हे युरोपीय मानक छापलेलं. मोटारसायकलचं हेल्मेट जड असतं आणि मान वर करून बघू देत नाही. सायकलचं हेल्मेट वरून पडणाऱ्या दगडासाठी बनवलेलं नसतं. त्यानंतर हार्नेस (कमरेला आणि मांड्यांना बांधायचे पट्टे), ईएन १२२७७. कमरेचा पट्टा नितंबाच्या हाडांच्या वर बसला पाहिजे, आत सपाट तळहात जावा पण मूठ जाऊ नये. नाहीतर उलटं झाल्यावर माणूस हार्नेसमधून निसटू शकतो. सोबत बिले डिव्हाइस (बिले देताना दोर अडवून धरणारं साधन) आणि त्याला जोडायचा, नासपतीच्या आकाराचा मोठा स्क्रूगेट कॅराबिनर, म्हणजे स्क्रूने बंद होणारी धातूची कडी.

दोर सगळ्यात शेवटी, आणि चढण्यासाठी तो डायनॅमिकच हवा: ईएन ८९२, जाडी ९.८ ते १०.२ मिलिमीटर, लांबी ६० मीटर. डायनॅमिक दोर पडणाऱ्याचा झटका ताणून घेतो. रॅपलिंगचा स्टॅटिक दोर जवळजवळ ताणला जात नाही, त्यामुळे त्यावर थोडंसंही उंचावरून पडलं तर सगळा झटका कमरेला आणि अँकरला बसतो. हार्डवेअरच्या दुकानातला नायलॉनचा दोर ट्रकवर ताडपत्री बांधण्यापुरताच. तो कितीही जाड असला तरी कड्यावर नेऊ नका. दोर, हार्नेस आणि स्लिंग (पट्ट्याचे शिवलेले फास) जुन्या बाजारातून किंवा ओळखीतून आलेले घेऊ नका, कारण त्यांनी काय सोसलंय हे डोळ्यांना दिसत नाही. बूट सेकंडहँड चालतात.

घामासाठी चॉक पावडर लागते, म्हणजे मॅग्नेशियम कार्बोनेट. अंगाला लावायची टाल्कम पावडर आणली तर हात उलट घसरतात.

गाठ आणि तपासणी

चढणाऱ्याने दोर स्वतःला आठाच्या गाठीने बांधायचा, कॅराबिनरने अडकवायचा नाही. दोराच्या टोकापासून हातभर अंतरावर एकेरी आठ घाला. टोक हार्नेसच्या दोन्ही टाय-इन लूपमधून न्या: आधी पायांच्या पट्ट्यांना जोडणारा खालचा लूप, मग कमरेचा वरचा. समोरच्या उभ्या जाड बिले लूपमधून न्यायचं नाही, तो बिले डिव्हाइससाठी आहे. आता टोकाने पहिल्या आठाचा माग काढत परत फिरा. गाठीत दोराच्या पाच समांतर जोड्या मोजता आल्या पाहिजेत. चारही धागे एकेक करून ओढून गाठ आवळा. बाहेर राहिलेलं टोक किमान वीतभर हवं.

या गाठीत नेहमी होणारी चूक म्हणजे ती अर्धी राहणं. माग काढत असताना कोणीतरी हाक मारतं, मान वळते, आणि बोलणं संपल्यावर काम झालं असं वाटून हात थांबतो. लांबून बघितलं तर दोर कमरेतून गेलेला दिसतो. म्हणून गाठ बांधणाऱ्याशी कोणी बोलायचं नाही, आणि त्यानेही उत्तर द्यायचं नाही.

त्यानंतर दोघांनी एकमेकांना तपासायचं, बघून आणि हात लावून. चढणाऱ्याच्या हार्नेसचे बक्कल घट्ट आहेत का आणि पट्ट्याची शेपटी बाहेर पुरेशी आहे का. गाठीच्या पाच जोड्या. बिले देणाऱ्याच्या डिव्हाइसमध्ये दोर योग्य बाजूने घातलाय का: चढणाऱ्याकडे जाणारा दोर वर, हातातला खाली. कॅराबिनरचा स्क्रू फिरवून बंद आहे का; दाबून बघा. दोघांची हेल्मेटची पट्टी. अंगठ्या, बांगड्या, घड्याळ काढलेलं आहे का. अंगठी भेगेत अडकून शरीराचं वजन तिच्यावर आलं तर बोटाची कातडी सोलून निघते. लांब केस वेणी घालून शर्टात, ओढणी नाहीच. केस किंवा कापड डिव्हाइसमध्ये ओढलं गेलं तर दोर ना पुढे जातो ना मागे, आणि डोकं तिथेच अडकतं.

बिले: इथे वेळ घालवा

नवख्यांनी फक्त टॉप रोपवर चढायचं, म्हणजे दोर वरच्या अँकरमधून जाऊन परत खाली आलेला असतो. एक टोक चढणाऱ्याला, दुसऱ्या बाजूला बिलेअर, म्हणजे बिले देणारा. चढणारा निसटला तर थोडाच खाली येतो. निदान तसं अपेक्षित असतं.

साध्या नळीच्या डिव्हाइसवर हाताचा क्रम असा. डावा हात चढणाऱ्याच्या दोरावर, उजवा हात डिव्हाइसखालच्या दोरावर. हा उजवा हात म्हणजे ब्रेक. चढणारा वर सरकला की डावा हात दोर खाली ओढतो आणि उजवा त्याच वेळी ढील डिव्हाइसमधून वर खेचून घेतो. लगेच उजवा हात खाली, मांडीजवळ. डावा हात सोडून उजव्याच्या खाली दोर पकडतो. आता उजवा हात दोर न सोडता सरकून डिव्हाइसजवळ येतो, आणि डावा परत वर जातो. ओढा, खाली आणा, खालून धरा, सरकवा. सुरुवातीला हे मोठ्याने म्हणत करा. कुठल्याही क्षणी ब्रेकच्या बाजूला एक तरी हात मुठीत दोर धरून असतोच. नाक खाजलं तर डावा हात वापरा.

घरातही हा सराव होतो. खिडकीच्या गजाला एक कॅराबिनर लावून त्यातून दोर घ्या, कोणालातरी हळूहळू चालत दोर ओढू द्या, आणि डोळे मिटून हा क्रम करा. हाताला आपोआप जमेपर्यंत माणसाचं वजन धरायचं नाही. कड्यावर पहिल्या काही वेळा बॅकअप म्हणून तिसऱ्याने मागे मीटर-दीड मीटरवर तोच सुटा दोर हातात धरून उभं राहायचं. प्रशिक्षकाने हे सांगितलं नाही तर तुम्ही मागा.

आता एक गोष्ट जी फार कमी शिबिरांत नीट समजावली जाते. डायनॅमिक दोर एका माणसाच्या वजनानेही ताणला जातो, साधारण ८ टक्के. अँकर १५ मीटरवर असेल आणि चढणारा जमिनीपासून दोन मीटरवर असेल तर अँकरपर्यंत आणि परत खाली असा जवळजवळ २८ मीटर दोर मध्ये असतो. तिथे तो निसटला तर ताण निघेपर्यंत दीड-दोन मीटर सहज जातात. म्हणजे बिले बरोबर असूनही तो जमिनीला लागतो. म्हणून पहिले तीन मीटर दोर कडक ठेवायचा, अगदी चढणाऱ्याला किंचित वर ओढल्यासारखं वाटेल इतका, आणि खाली एकाने हात धरून उभं राहायचं. वर गेल्यावर ढील थोडी दिली तरी चालते, पोटापाशी दोर लोंबकळता कामा नये.

बिलेअरने कड्याच्या जवळ उभं राहायचं, फार तर मीटरभर अंतरावर, पण चढणाऱ्याच्या थेट खाली नाही, थोडं बाजूला. लांब उभं राहिलं की चढणारा पडल्यावर बिलेअर कड्याकडे फरफटत जातो आणि तेवढा दोर वर जातो. चढणारा बिलेअरपेक्षा बराच जड असेल, म्हणजे ५० किलोच्या मुलीने ८० किलोच्या दादाला धरायचं असेल, तर बिलेअरला मागे जमिनीशी स्लिंगने बांधून घ्या.

हाकांसाठी संस्थेत जे शब्द चालतात तेच वापरा, आणि निघण्याआधी एकदा म्हणून घ्या. बहुतेक ठिकाणी ‘बिले ऑन’ (दोर धरलाय), ‘क्लाइंबिंग’ (चढायला निघतोय), ‘स्लॅक’ (ढील दे), ‘टाइट’ (दोर ताण), ‘लोअर’ (खाली सोड) चालतात. शेजारी दुसरा दोर चालू असेल तर आधी नाव घ्यायचं. ‘लोअर’ आपल्यालाच म्हटलंय असं समजून दुसऱ्याच माणसाला खाली सोडल्याने घोळ होतात. काहीही पडलं, अगदी पाण्याची बाटलीसुद्धा, तर एकच हाक: ‘दगड!’ ती ऐकल्यावर वर बघायचं नाही. कड्याला चिकटायचं, हेल्मेटखाली मान आत घ्यायची, आणि बिलेअरने ब्रेक हात तसाच ठेवायचा.

खाली सोडताना दोन्ही हात ब्रेकच्या बाजूला घ्या आणि एकसारख्या वेगाने दोर सोडा. दोराच्या सुट्या टोकाला गाठ मारलेली असलीच पाहिजे. ६० मीटरच्या दोरावर अँकर ३० मीटरपेक्षा वर असेल तर टोक डिव्हाइसमधून निसटून जातं. कड्याच्या उंचीचा अंदाज खालून नेहमी कमीच येतो.

चढताना

नवखा हातांनी वर ओढत जातो आणि पंधरा फुटांवर दमतो. मुठी आवळल्या की मनगट ते कोपर हात दगडासारखा घट्ट होतो, कारण आवळलेले स्नायू स्वतःच्याच रक्तवाहिन्या दाबून टाकतात. उपाय म्हणजे हात एकेक करून सोडून खाली झटकणं, आणि मुळात पायांवर उभं राहणं. प्रत्येक चालीत आधी पाय वर, मग हात. पाऊल ठेवताना अंगठ्याच्या बाजूची बुटाची आतली कड वापरा, तळव्याचा मधला भाग नाही. पाऊल मधोमध ठेवलं की त्यावर वळता येत नाही. उतरत्या, गुळगुळीत कातळावर टाच खाली सोडून तळव्याचा पुढचा भाग जास्तीत जास्त दगडाला लावा. इथे भीतीने कड्याला पोट चिकटवलं की वजन पायावरून सुटतं आणि बूट घसरतो. उभ्या भिंतीवर मात्र उलट, नितंब कड्याजवळ हवेत.

पाय शिवणयंत्रासारखा थरथरायला लागला तर घाबरू नका. टाच फार वर उचलून पोटरीवर सतत भार आलाय एवढाच त्याचा अर्थ. टाच खाली घ्या, श्वास सोडा, थांबेल.

गुडघा टेकवू नका. टेकवलेल्या गुडघ्यावरून पुढचं पाऊल ठेवायला जागाच राहत नाही. सह्याद्रीत याची खरी परीक्षा टप्प्याच्या काठावर होते: वर सपाट जागा, त्यावर गवत आणि मुरूम, आणि पकडायला काही नाही. तिथे तळवे काठावर बोटं आतल्या बाजूला वळवून ठेवा, हात सरळ होईपर्यंत दाबा, एक पाऊल तळव्याशेजारी आणा आणि उभे राहा. पुढे झुकून मुरूम चाचपत बसलं की तो खालच्या माणसावर ओतला जातो.

कोपऱ्यात दोन भिंती मिळाल्या तर दोन्हीकडे एकेक पाय टेकवून उभं राहिलं की हात पूर्ण मोकळे होतात. भेगांमध्ये हात अडकवून चढणं, चिमणीत, म्हणजे अंग मावेल एवढ्या उभ्या फटीत, पाठ-पाय लावून सरकणं हे नंतर. आधी पाय.

अँकर आणि रॅपलिंगबद्दल थोडंसं

पहिल्या वर्षी अँकर तुम्ही बांधायचा नाही, पण बघायला शिका. दोन स्वतंत्र आधार हवेत, आणि त्यांच्यातला कोन ६० अंशांच्या आत. ६० अंशांवर प्रत्येकावर सुमारे ५८ टक्के भार येतो, १२० अंशांवर प्रत्येकावर पूर्ण १००. मुख्य कॅराबिनर काठाच्या खाली लोंबत असला पाहिजे, म्हणजे चालता दोर बेसाल्टच्या धारेवर घासणार नाही. जुन्या सुळक्यांवर आधीच्या लोकांनी ठोकलेल्या मेखा आणि बोल्ट दिसतात. कित्येक पावसाळे खाल्लेला बोल्ट बाहेरून बरा दिसला तरी आतून गंजलेला असू शकतो. त्यावर टॉप रोप लावलेला दिसला आणि दुसरा आधार नसेल तर चढायला नकार द्या.

रॅपलिंग करताना दोराच्या टोकांना गाठी, आणि डिव्हाइसखाली ६ मिलिमीटरच्या कॉर्डचा प्रुसिक, म्हणजे दोराभोवती गुंडाळलेली, वजन आलं की आवळणारी गाठ. उतरताना दगड लागून हात सुटला तर तोच थांबवतो. घाईत प्रुसिक वगळणारे पुष्कळ दिसतात, आणि दिवस संपताना, दमलेले असतानाच वगळतात.

कुठे, कधी

नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेर हा आपला मोसम. ऑक्टोबरमध्ये कातळ वरून वाळलेला दिसतो, पण भेगांतून पाणी झिरपत असतं आणि शेवाळ सुटलेलं नसतं. थंडीत दक्षिणेकडचा कडा सकाळी उबदार मिळतो, मार्चपासून मात्र सावलीची बाजू शोधावी लागते. उन्हात काळा बेसाल्ट अकरानंतर हाताला चटके देतो. पाणी माणशी तीन लिटर.

पांडवलेणी आणि संरक्षित किल्ल्यांच्या भिंतींवर सराव करायचा नाही, बोल्ट तर अजिबात नाही. अंजनेरी शहरापासून सुमारे २० किलोमीटरवर आणि मोहात पाडणारी जागा आहे, पण तो परिसर संवर्धन राखीव क्षेत्र आहे आणि तिथल्या कड्यांवर गिधाडं घरटी करतात. त्यांचा विणीचा काळ हिवाळ्यातच, म्हणजे नेमका आपल्या मोसमात येतो. जोडी एका वर्षी एकच अंडं घालते. माणूस जवळ आला म्हणून पक्षी उठला तर ते वर्ष वाया. कड्यावर पांढरे ओघळ दिसले तर ती बाजू सोडा, आणि परवानगी वनखात्याकडून आधी घ्या.

आग्या मोहोळ हा दगड पडण्याइतकाच मोठा धोका. आदल्या दिवशी दुर्बिणीने कडा बघून घ्या. काळे अर्धगोल लोंबते पोळे दिसले तर त्या दिवशी दुसरा कडा. अत्तर, डिओ, धूर, आरडाओरडा नको. माश्या उठल्या तर दोरावरच्या माणसाला आधी खाली घ्यायचं, मग पळायचं. म्हणूनच बिलेअरचं तोंड झाकायला गळ्यात एक मोठा रुमाल असावा. अपघात झाला तर ११२, रुग्णवाहिकेसाठी १०८. कड्याच्या तळाशी रेंज नसते, तेव्हा रेंज कुठे मिळते ते सकाळीच बघून ठेवा आणि पायथ्याच्या गावात कोणालातरी सांगून जा.

सुळक्यांचं काय? अंजनेरीजवळचे नवरा-नवरी, हडबीची शेंडी हे संस्थेबरोबर, दुसऱ्या क्रमांकाने, म्हणजे आधी वर गेलेल्याकडून बिले मिळत असताना. एक हिवाळा टॉप रोपवर घालवलेल्या माणसाला ते झेपतात. हरिहरचा स्कॉटिश कडा, जो १९८६ मध्ये डग स्कॉट या ब्रिटिश गिर्यारोहकाने चढला, तो बघायला जरूर जा. खालून उभं राहून त्यावरची वाट डोळ्यांनी शोधणं हाही अभ्यासच आहे.

पुढचा मोसम येईपर्यंत

एक हिवाळा बिले आणि टॉप रोप पक्कं झालं की हिमालयातल्या संस्थांचा बेसिक कोर्स करण्यात अर्थ आहे. उत्तरकाशीची नेहरू इन्स्टिट्यूट १९६५ पासून, दार्जिलिंगची हिमालयन इन्स्टिट्यूट १९५४ पासून हे शिकवतेय. कोर्स जवळजवळ चार आठवड्यांचा असतो, आणि उत्तरकाशीत प्रस्तरारोहणाचे सुरुवातीचे दिवस टेखलाच्या कातळांवर जातात. जागा फार लवकर भरतात, त्यामुळे सुट्टीचं बोलणं वर्षभर आधी करा. लीड क्लाइंबिंग, म्हणजे दोर खालून घेऊन वर जात वाटेत अडकवत जाणं, त्यानंतर शिकायचं. त्यात पडणं लांब असतं आणि बिलेअरचं काम दुप्पट अवघड.

मेअखेर साहित्य आवरा. दोर बाथटबात किंवा मोठ्या टपात गार पाण्यात, साबणाशिवाय किंवा दोरासाठीच्या सौम्य साबणाने धुवा आणि सावलीत पसरून वाळवा, दोरीवर उन्हात नाही. मग सगळा दोर बोटांतून एकदा सरकवा. कुठे मऊ पडलाय, चपटा झालाय, आवरण फाटून आतला पांढरा गाभा दिसतोय का. असं काही टोकाजवळ सापडलं तर तेवढं कापून टाका आणि नवी लांबी पिशवीवर लिहा. मध्ये सापडलं तर दोर बाद. कॅराबिनरचे गेट उघड-बंद करून बघा, अडकत असेल तर गरम पाण्यात धुऊन सुकवा. बॅटरी, इन्व्हर्टर असलेल्या कपाटात हार्नेस किंवा दोर ठेवू नका, कारण आम्लाच्या वाफेने नायलॉन कमकुवत होतं आणि वरून काहीच दिसत नाही. कापडी पिशवीत, कोरड्या कपाटात, जमिनीपासून वर.